डॉक्टरीणबाईंची इटालियन गाडी

ताई, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, बाईंची काही इच्छा मागे राहिली नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या, आईनेही. मी बाणगंगेच्या पायरीवर उभी राहून मनात म्हणत होते, अहो, तिचं नसेल राहिलं, माझं राहिलंय. मला तिला अजून पुष्कळ विचारायचंय. पण कावळ्याला घाई होती.

तेव्हापासून मी दादरची खोली बंद करून गिरगावात आईजवळ राहायला आले आहे. शाळेत इथूनच जाते. सकाळी गॅलरीत आलं की खाली वाडीच्या चौकात तुझी गाडी दिसते. ताडपत्रीखालून तिची तारांची चाकं तेवढी बाहेर दिसतात. तू होतीस तोवर तिच्या आसपास कोणी दोरी बांधत नसे. परवा कोणीतरी तिच्यावर लुगडं वाळत टाकलं होतं. मी तावातावाने खाली गेले, लुगडं उचललं आणि मग ते हातात धरून नुसतीच उभी राहिले. परत होतं तसं टाकलं आणि वर आले.

या गाडीचं करायचं काय, ते कोणालाच कळत नाही. आणि मुळात ती आपल्याकडे आली कशी, तेही नाही. मला तू सांगितलं होतंस की लढाईनंतर एका लिलावात भंगाराच्या भावात मिळाली. मी ते धरून चालले होते. तू गेल्यावर आईशी बोलता बोलता विषय निघाला तर आई म्हणाली, "लिलाव कसला? एका इटालियन साहेबाची बायको अडली होती, ती हिने सोडवली. पुढे लढाईत साहेबाला सरकारने धरून नेलं, तेव्हा तो किल्ली हिच्या हातात देऊन गेला. परत आलाच नाही बिचारा." मी म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं? म्हणाली, तिनेच.

मग तेराव्याला तुझे ते गाडीवाले पारशी मित्र सोहराबजी आले. पांढरा डगला, हातात फुलं, डोळे लाल. त्यांच्यामागून तुमच्या त्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातले आणखी दोघेतिघे आपापल्या इटालियन गाड्या घेऊन आले आणि आपली गल्ली पार बंद झाली. व्हिक्टोरियावाले ओरडायला लागले. सोहराबजी आईसमोर खुर्चीत बसून रुमालाने नाक पुसत म्हणाले, "माजी, तुमच्या मिस्टरांची चॉइस फार ऊंची होती. डॉक्टर नेहमी सांगायची, फादरने मोठ्या हौसेने घेतलेली गाडी आहे म्हणून."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आपले बाबा, ताई! परळच्या गिरणीत कारकुनी केली, जन्मभर ट्राममधून गेले आणि तिकिटाचे पैसे वाचवायला येताना चालत आले. ते बाबा इटलीची शर्यतीची गाडी घेतायत! मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही फुटलं. सोहराबजींना वाटलं, बाबांच्या आठवणीने.

सांग आता, यातलं खरं कोणतं? की एकही नाही?

आपल्या दोघींचं भांडण गाडीवरून कधीच नव्हतं, हे मी स्वतःला बजावत असते. आपलं भांडण मुंबईवरून होतं. फाउंटनला गोळीबार झाला त्यानंतरचे ते दिवस. मी शाळा सुटली की सभेला, सभेहून मोर्चाला. घसा बसलेला, पायात चपला एका जोडीच्या नाहीत. गिरगावात आले की तुझ्या दवाखान्यात शिरायची आणि तुझ्यावर तोंडसुख घ्यायची. "सगळी मुंबई पेटलीय आणि तू इथे बसून मलमपट्ट्या करतेस!"

तू हात धूत धूत म्हणायचीस, "बाळंतीण कळा देताना मराठी-गुजराती बघत नाही गं. मूल आडवं आलं की सगळ्या एकाच भाषेत ओरडतात."

"हे उत्तर नाही."

"मग प्रश्न नीट विचार."

प्रश्न नीट विचारायचं राहूनच गेलं. दरवेळी मध्येच कोणीतरी पेशंट यायची.

आणि मग तो मेळावा.

इटलीच्या जुन्या गाड्या बाळगणारी तुम्ही मूठभर माणसं थंडीत एकदा एकत्र यायचात. कोणी सॉलिसिटर, कोणी संस्थान गेलेला संस्थानिक, कोणी कापसाचा व्यापारी. त्यांच्यात बाई तू एकटी आणि वाडीत राहणारीही तू एकटीच. त्या वर्षी मेळावा दादरला पारशी कॉलनीजवळच्या एका जिमखान्याच्या मैदानावर होता. आदल्या संध्याकाळी तू दादरला माझ्या खोलीवर निरोप पाठवलास की उद्या गिरगावला ये, मला सोबत हवी आहे. मला आश्चर्य वाटलं. तू आजवर मला कधी त्या गाडीत बसवलं नव्हतंस. मीही कधी बसव म्हटलं नव्हतं.

सकाळी वाडीत पोचले तर चौकात ही गर्दी. आपला बाबल्या, मालवणातून येऊन काळाचौकीच्या गिरणीत लागलेला, तळमजल्यावर मामाकडे राहणारा, आणि त्याचे दोस्त. अर्ध्या चादरीवर तांबड्या अक्षरांत लिहून आणलं होतं, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. बाबल्या तुझ्यापुढे हात जोडून उभा. "ताईनू, गाडयेक बांधूया मां? थंय मोठी मोठी लोकां येतली. वाचू देत."

मला खात्री होती, तू नाही म्हणशील. तू फलकाकडे पाहिलंस, गाडीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बांधा. दिवे झाकू नका."

त्यांनी पुढच्या जाळीवर फलक आवळून बांधला. मी तुझ्या शेजारी बसले. माझी ताई! आपल्यात आली! तू पदर कमरेला खोचलास, डोळ्यांना तो गोल काचांचा चष्मा चढवलास, बाबल्याने हँडल मारलं आणि गाडी अशी काही डरकाळी फोडून निघाली की वाडीतली कबुतरं उडाली.

मैदानाच्या फाटकावर आपल्याला अडवलं. सुटातला एक तरुण माणूस, फार आदबीने. "डॉक्टरबाई, आत राजकारण नको. एवढं कापड काढलं तर बरं."

तू म्हणालीस, "माझी हरकत नाही. पण ज्यांनी बांधलं त्यांना विचारायला हवं. ते गिरगावात आहेत."

तो गडबडला. आत गेला. कापसाचे व्यापारी जयंतीलालशेठ बाहेर आले. तेही समजुतीने बोलले, "बेन, तुम्हाला आम्ही ओळखतो. पण हे चांगलं दिसत नाही." तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. गाडी मागे घेतलीस आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभी केलीस. "मी इथे बरी आहे," म्हणालीस. खाली उतरून बॉनेटचे चामडी पट्टे सोडलेस आणि आत डोकं घालून बघायला लागलीस.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. रस्त्यावरची माणसं जमू लागली. नायगावच्या चाळीतून पोरंबाळं घेऊन बाया आल्या, रविवारच्या सुट्टीचे गिरणीवाले आले, घोडागाडीवाला गाडी थांबवून उतरला. आत हिरवळीवर किमती गाड्या आणि त्यांना बघायला मोजके पाहुणे, आणि बाहेर तुझ्या गाडीभोवती ही जत्रा. थोड्या वेळाने फाटकातून घरघर ऐकू आली. सोहराबजी आपली निळी गाडी चालवत बाहेर आले आणि तुझ्या शेजारी उभी करून म्हणाले, "आत फार कंटाळा आहे, बाबा." त्यांच्यामागून ते संस्थानिक, त्यांच्यामागून आणखी दोघं. शेवटी नाइलाजाने जयंतीलालशेठसुद्धा. अर्धा मेळावा रस्त्यावर आला. कोणीतरी घोषणा दिली. लोकांनी उचलून धरली. मीही दिली, सगळ्यांत मोठ्याने. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, एका बाईने एका चादरीने हे केलं!

आणि नेमकं तेव्हाच तू बॉनेटमधून डोकं बाहेर काढलंस, गाडीच्या पुढे आलीस, गाठी सोडल्यास आणि फलक काढून टाकलास. घडी घातलीस. सीटच्या मागे सारलीस. "झालं," म्हणालीस, "आता आत जाऊ." गाडीत बसलीस आणि आत गेलीस.

घोषणा अर्ध्यावर तुटली. कोणीतरी मागून ‘फितूर’ म्हणालं. मी ऐकलं. तू ऐकलंस की नाही, ठाऊक नाही.

मी मागून चालत आत आले, पण हिरवळीवर तुझ्याशी बोलले नाही. एका वेताच्या खुर्चीत फणकारून बसले आणि तुला बघत राहिले. आणि ताई, मला तू ओळखू येईनास. त्या माणसांत तू मोकळी हसत होतीस, टाळ्या देत होतीस. दुसऱ्याच्या इंजिनाला कान लावून, गवई चुकला की दर्दी तोंड करतो तसं तोंड करत होतीस. घरी तू कधी अशी हसलेली मला आठवत नाही. मला राग होता आणि त्या रागाच्या आत हेवा होता, एवढं कळत होतं. हेवा कोणाचा ते कळत नव्हतं. गाडीचा की त्या लोकांचा?

फलक का काढलास, हे मी पुढे कितीकदा घोळवलं. सोहराबजींना तेराव्याला विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही बघितलं नाही? जयंतीलालची सून गाडीत बसलेली होती, सातवा महिना, डॉक्टरचीच पेशंट. घोषणा सुरू झाल्या तशी ती थरथरायला लागली. त्यांच्या नात्यातल्याचं दुकान नुकतंच फोडलेलं. डॉक्टरने तिच्याकडे एकदा बघितलं आणि कापड सोडलं." मला पटलं. मग बाबल्याला विचारलं, तर तो हसला. "असां काय नाय. परतताना पोलीस अडवतीत म्हणान काढला." तेही मला पटलं. तुझ्या आजारपणात, तुला कावीळ झाली होती आणि तू उशीला टेकून बसली होतीस, तेव्हा धीर करून मी तुलाच विचारलं होतं. आठवतं? तू डोळे मिटून म्हणालीस, "अगं, रेडिएटरला वारा लागत नव्हता. पाणी उकळायला लागलं होतं."

एवढंच? मी इतकी वर्षं जे मनात घेऊन फिरले, ते उकळणारं पाणी होतं? मला वाटतं तू थट्टा केलीस. पण तुझा चेहरा थट्टेचा नव्हता. आणि गाडी खरंच तापते, हे मला आता माहीत झालंय.

परतीच्या वाटेवर लालबागला रस्त्यात पिंपं आडवी टाकलेली होती. दुपारी परळला कोणाची तरी धरपकड झाली होती म्हणे. माणसं चिडलेली. आपली गाडी दिसताच त्यांनी गराडा घातला. "कोणाची गाडी? कुठल्या शेटची?" एकाने दारावर थाप मारली. मी सीटमागचा फलक काढायला वळले, तर तू माझा हात धरलास. "राहू दे." आणि त्या थाप मारणाऱ्याला म्हणालीस, "माझीच आहे. बसायचंय?"

तो बावरला. "आं?"

"बसायचंय का म्हटलं. पुढच्या नाक्यापर्यंत. कुसुम, जरा सरक गं."

मला सरकायला जागा होती कुठे? मी उतरले, तो बसला. तू त्याला नाक्यापर्यंत नेऊन आणलंस. तो उतरला तो लहान मुलासारखा हसत. मग दुसरा. मग मसाला कुटणाऱ्या डंकावरची एक बाई, अंगाला तिखटाचा वास, सारखी शिंकत होती आणि हसत होती. ज्यांनी रस्ता अडवला होता तेच आता रांग लावत होते, "ए, घुसू नको" म्हणून एकमेकांना दटावत होते. मी फुटपाथवर उभी राहून पाहत होते. सकाळी फितूर ठरलेली माझी बहीण इथे लोकांना फिरवत होती, आणि मी, जिने इथे भाषणं केली होती, तिला कोणी ओळखत नव्हतं.

मी परत गाडीत येऊन बसले तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. "पोलीस!" माणसं पांगायला लागली. डंकाच्या ओट्यावर एक तरुण मघापासून उभा होता, रांगेत न येता. हाताला पंचा गुंडाळलेला, पंच्यावर डाग. तू त्याच्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "कुसुम, उतर."

"आता का?"

"उतर म्हणते ना!"

तुझा तो आवाज मी फक्त दवाखान्यात, पडद्याआडून ऐकला होता. मी उतरले. तो येऊन बसला. तुम्ही एकमेकांशी अक्षर बोलला नाहीत. तू सीटमागची घडी काढून माझ्या हातात कोंबलीस आणि गाडी उडवलीस. गल्लीत वळलीस आणि दिसेनाशी झालीस.

पोलिसांना रस्त्यात सापडले काय, तर पिंपं आणि हातात फलक धरून उभी असलेली एक शाळामास्तरीण. ते माझ्याभोवती जमले, मला नाव-गाव विचारत बसले. मग त्यांच्या गाडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी मला सोडलं तेव्हा बाहेर माणसं हार घेऊन उभी होती. ‘एकटी बाई फलक घेऊन लालबागच्या रस्त्यात उभी राहिली’ अशी बातमी झाली होती. पुढे सभांमधून माझी ओळख तशीच करून देत. मी खुर्चीत बसून ऐकायची आणि मनात विचार करायची, मी उभी राहिले की मला उभं केलं? त्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून तू मला मागे ठेवलंस का? की गाडीत फलक सापडला तर तुम्ही दोघं अडकाल एवढंच तुझ्या मनात होतं? की काहीच नव्हतं, हातात आलं ते दिलंस?

त्या दिवशी हारांच्या मागे तूही होतीस. गाडीत बसून, मांडीवर जेवणाचा डबा. मी येऊन शेजारी बसले.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"कोण?"

"ताई!"

"पेशंट," तू म्हणालीस, आणि डब्याचं झाकण उघडून दिलंस. भात, वालाचं बिरडं, वर लिंबाची फोड. मला इतकी भूक लागली होती की मी जेवायलाच लागले. भांडायचं राहिलं.

तुझ्या मौतीला पुष्कळ माणसं आली. मी एकेक चेहरा न्याहाळत होते. तो आला असेलही. पण मी त्याचा हात तेवढा पाहिला होता, तोंड नीट पाहिलंच नव्हतं.

आता राज्य होणार म्हणतात, मुंबईसकट. वाडीत रोषणाईची बोलणी चालू आहेत. लोक मला पेढा देतात, मी खाते. आणि तू आत्ता असतीस तर काय म्हणाली असतीस, याचं उत्तर मला येत नाही. इतकी वर्षं जिच्याशी वाद घातला तिचं म्हणणं काय होतं हे सांगता येऊ नये?

सोहराबजी दर रविवारी येतात. म्हणतात, "गाडी उभी राहिली की मरते. विकायची तर विका, पण चालवा." पहिल्या दिवशी त्यांनी मला जबरदस्तीने चाकापुढे बसवलं आणि स्वतः शेजारी बसून सगळा वेळ ‘दादार होर्मज्द’ असं त्यांच्या देवाचं नाव पुटपुटत होते. चार-पाच रविवारांत मला एवढं जमायला लागलं की गाडी माझ्याकडून सुरू होते, पुढे जाते आणि बऱ्याचदा मी थांबवते तिथेच थांबते.

गेल्या रविवारी ते आले नाहीत, बरं नव्हतं त्यांना. मी चौकात ताडपत्री काढून नुसती फडक्याने पुसत होते. जिन्यावर पावलं वाजली. आई खाली येत होती. नेसायचं चांगलं लुगडं, डोक्याला रुमाल बांधलेला. ताई, मी गिरगावात आले की जी आई या गाडीला ‘ती लाल भुताळी’ म्हणायची, ती आई आली, दाराचा खटका आतून हात घालून उघडला, सीटवरची उशी उलटी करून घेतली आणि बसली.

"आई?"

"असं काय बघतेस? तिच्याबरोबर दर रविवारी जात होते मी."

"तू?"

"मग काय झालं? वाडीत सगळ्यांना माहीत आहे." बाबल्या नळावर दात घासत होता, त्याने मान हलवली. "तुला सांगितलं असतं तर तू भाषण दिलं असतंस," आई म्हणाली.

"कुठे जायचात?"

"चल, दाखवते."

बाबल्याने हँडल मारलं. भायखळ्याला गाडी बंद पडली, दोन हमालांनी ढकलून दिली. आई एकदाही घाबरली नाही. "डावीकडे," म्हणायची, "आता सरळ." अशी तिने मला कॉटन ग्रीनला आणलं. कापसाच्या गोदामांच्या मागे एक चाळ आहे. तिथे मी कधी आले नव्हते, सभेलासुद्धा नाही.

"ती इथे वर जायची," आई म्हणाली, "पेटी घेऊन. बाया तपासायची, पोरं तपासायची. दुपारपर्यंत. मी खाली गाडीत बसायची. माहीत आहे ना तुला, मी कुठे पाणीसुद्धा घ्यायची नाही. मग एकदा फार ऊन होतं. वरची एक बाई खाली आली, म्हणाली, आजी, वर चला. गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. चहा दिला तिने. घेतला." आईने डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला. "नंतर दर रविवारी घ्यायची."

माझ्या आईने, जिने बाबांच्या परजातीतल्या मित्रांच्या कपबश्या वेगळ्या ठेवल्या होत्या, तिने. आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलायचं नव्हतं की मी विचारलं नव्हतं?

गाडीचा आवाज चाळीला ओळखीचा असणार. आम्ही थांबतोय न थांबतोय तोच दारं उघडायला लागली. बाया गॅलरीत आल्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणी पोट सावरत, कोणी ओल्या हातांनीच. कठड्यावर वरपासून खालपर्यंत चेहरे, आणि सगळे हसरे. मग त्यांना चाकापुढे मी दिसले.

एक बाई जिना उतरून खाली आली. तान्हं मूल झोळीसारखं पदरात बांधलेलं. तिने आधी आईला हात जोडले. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, जणू तू डिकीतून निघणार होतीस.

"इतके रविवार वाट बघितली," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई गावाला गेल्या काय?"

यांना कोणी सांगितलंच नव्हतं, ताई. कोण सांगणार? आम्ही गिरगावात सांगितलं, दादरला सांगितलं, पेपरात दिलं.

मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. तुला जाऊन इतके दिवस झाले, पण ते दोन शब्द मी अजून कोणाला उच्चारून सांगितले नव्हते. सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं.

"ताई गेली," मी म्हटलं.

इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. ती जवळ आली, कान पुढे केला. "काय म्हणालात?"

मला परत म्हणावं लागलं, मोठ्याने.

वरच्या गॅलरीत कोणीतरी तोंडावर पदर घेतला. ती बाई तशीच उभी राहिली, एका हाताने मुलाच्या डोक्यावर पदर ओढत. मग तिने गाडीचं दार उघडलं, आईला हात दिला आणि म्हणाली, "चला, आजी. वर चला." आई उतरली. दोघी जिन्याकडे चालायला लागल्या. आईने वळून मला हाक मारली, "ये गं."

मी येत होते, ताई. पण गाडी अजून चालूच होती, आणि ती बंद कशी करतात, ते मला काही केल्या आठवेना.